पाचाच्या जाड रेघा

बाबा : नाही समजलं. परत सांगा.

मुलगी : बाबा, तिसऱ्यांदा सांगतेय.

बाबा : परवा तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक म्हणाले समजलं नाही, तर त्यांनाही असंच ऐकवणार का? तुझ्या गाईड बाईंनी या प्रश्नांच्या कागदावर खाली स्वतःच्या हातानं लिहिलंय. घरच्या माणसाला समजेपर्यंत समजावून सांगणे. मी घरचा माणूस आहे आणि मला समजलेलं नाही.

आई : सगळं समजलंय त्यांना. आयुष्यभर साहेबांपुढे उभे राहिले, आज खुर्ची मिळालीय, ती सोडवत नाहीये.

बाबा : तू इस्त्रीकडे बघ. हं, बाई, बोला. सोप्या भाषेत.

मुलगी : सोप्या भाषेत. एका नदीच्या पाण्याची पातळी एकाच जागी रोज सकाळी आठ वाजता मोजली गेली. सलग एकतीस वर्षं. त्या नोंदींवरून नदी कशी बदलत गेली, हे मी सहा वर्षं बसून शोधलं. हाच माझा पीएच.डी.चा प्रबंध.

बाबा : मोजली गेली. आपोआप?

मुलगी : निरीक्षकानं मोजली.

बाबा : निरीक्षकानं. बरं.

आई : अहो, विचारून टाका ना सरळ. आभाराचं पान चार वेळा वाचून झालंय यांचं. त्यात ग्रंथपाल आहेत, झेरॉक्सवाला आहे. हे नाहीत.

मुलगी : आई, का नाहीत ते तुला माहितीय. मोजणारा बाप आणि त्या मोजण्यावर प्रबंध लिहिणारी मुलगी, असं कळलं की लोक पहिल्या पानापासून संशय घेतात. म्हणून मी ठरवलं होतं, नाव घालायचं नाही. आणि नोंदींबद्दल घरात एक अक्षर विचारायचं नाही. कागद बोलतील तेवढंच खरं.

बाबा : मी काही म्हटलं का? रास्त आहे ते. प्रश्न दहावा. "चौथ्या प्रकरणात आपण म्हणता की बंधाऱ्यामुळे नदीचं वागणं बदललं. याला पुरावा काय?"

मुलगी : हा येणारच. बाहेरच्या परीक्षकांनी अहवालात लिहिलंय की चौथं प्रकरण हा प्रबंधाचा कणा आहे. बाई म्हणतात, हे नीट सांगितलंस की बाकी अर्धा तास गप्पा होतील.

बाबा : मग नीट सांग.

मुलगी : बंधारा व्हायच्या आधी पातळी रोज थोडी हलायची. आज बेचाळीस सेंटिमीटर, उद्या त्रेचाळीस, परवा एक्केचाळीस. बंधारा झाला त्या वर्षापासून हे हलणं थांबलं. रविवार सोडले, तर आठ-आठ दिवस चाळीस म्हणजे चाळीस. मग एकदम पंचेचाळीस. मधलं काहीच नाही.

बाबा : मधलं काहीच नाही.

मुलगी : असं चार वर्षं. कारण बंधाऱ्याच्या फळ्या. एक फळी काढली की खालचं पाणी एका टप्प्यानं चढतं, परत बसवली की तेवढंच उतरतं. पाच-पाच सेंटिमीटरचे टप्पे.

बाबा : फळी हातभर उंच असायची, पाच सेंटिमीटर नव्हे.

मुलगी : परीक्षक असं विचारतील असं वाटतं तुम्हाला?

बाबा : नाही. चार वर्षांनंतर काय झालं, ते सांग.

मुलगी : हलणं परत सुरू झालं. बेचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस. म्हणजे बंधारा गाळानं भरला आणि पाणी धरेनासा झाला. बंधाऱ्यावरच्या लोकांनी गाळ काढण्यात हयगय केली.

बाबा : हयगय. असा शब्द लिहिलायस?

मुलगी : "देखभालीतील हयगय." पान एकशे बारा.

बाबा : खोडता येईल?

मुलगी : काय खोडता येईल? पाच महिने झाले सादर होऊन. चार प्रती बांधून दिल्यात, एक वाचनालयात आहे. काय झालंय तुम्हाला?

बाबा : बंधाऱ्यावरचा मुकादम दर वर्षी गाळ काढायचा. पाणी खाली गेलं की तीस-चाळीस माणसं घेऊन उतरायचा. मी या काठावरून बघायचो. मांडीपर्यंत चिखलात उभा असायचा, आणि वर बघून मला विचारायचा, आज किती भरलं तुमच्या पट्टीवर?

मुलगी : मग आकडे असे का आले?

बाबा : पुढचा प्रश्न घेऊ.

मुलगी : बाबा.

बाबा : अकरावा. "आपण वापरलेली पद्धत..."

आई : अहो, तिचा चेहरा बघा. काय असेल ते सांगून टाका.

बाबा : तू इस्त्री कर.

आई : इस्त्री केव्हाच बंद केलीय.

बाबा : मोजपट्टी आठवते का तुला? नदीतल्या खांबाला लावलेली.

मुलगी : पांढरी. काळ्या रेघांची.

बाबा : दर सेंटिमीटरला बारीक रेघ, दर पाचाला जाड. त्या चार वर्षांत मला नुसत्या जाड रेघा दिसायच्या. बारीक दिसत नव्हत्या.

मुलगी : दिसत नव्हत्या म्हणजे?

बाबा : डोळे अधू झाले होते. काठापासून खांब बारा पावलं. पाणी ज्या जाड रेघेजवळ वाटेल, तो आकडा वहीत लिहायचो. चाळीस. पंचेचाळीस. पन्नास.

मुलगी : म्हणजे फळ्या नाहीत.

बाबा : फळ्यांचा काही संबंध नाही. बंधारा झाला आणि माझे डोळे गेले, दोन्ही एकाच वर्षी. चार वर्षांनी मी चष्मा केला. गाळबिळ काही भरला नव्हता.

मुलगी : चष्मा आधी का नाही केलात?

बाबा : तेव्हा मी रोजंदारीवर होतो. कायम करायची यादी आज लागेल, उद्या लागेल, असं चाललेलं. चष्मेवाला माणूस पट्टीवर ठेवत नसत. दुसऱ्याला लावायचे, आपल्याला घरी बसवायचे. तू तिसरीत होतीस. कायम झालो आणि आठ दिवसांत चष्मा केला.

मुलगी : पण कायम करताना डोळे तपासतात.

आई : तपासले की. अक्षरांचा तक्ता पाठ करून गेले होते. दवाखान्यातल्या झाडूवालीकडून मीच उतरवून आणला होता. भांडी घासता घासता म्हणून घेतला यांच्याकडून. खालची ओळ मला अजून येते.

मुलगी : तू पण यात आहेस.

आई : आहेच. घर चालवायचं होतं. मला वाटलं, आकडे वहीत जातात आणि वही कपाटात. त्या वहीवर माझीच मुलगी डॉक्टर व्हायला बसेल, हे मला कुठून कळणार?

मुलगी : सहा वर्षं. सहा वर्षं मी त्या आकड्यांचे आलेख काढले. दोन परिषदांमध्ये उभी राहून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबा. तुमच्या चष्म्यासाठी वाजवल्या. मला इतका राग आलाय की रडूसुद्धा येत नाहीये.

बाबा : यायलाच पाहिजे राग.

मुलगी : प्रबंध पाच महिने घरात आहे. चौथं प्रकरण वाचलं नाहीत?

बाबा : आभार वाचले. मग मागचे तक्ते तपासले, तू माझे आकडे बरोबर उतरवलेस का ते बघायला. एकही चूक नव्हती. मधला मजकूर डोक्यावरून गेला. तू समजावून सांगशील तेव्हा कळेल, म्हटलं. आज कळला.

मुलगी : मग आज तरी का बोललात? गप्प बसला असतात तर मला जन्मात कळलं नसतं.

बाबा : बसलो असतो. तेवीस वर्षं बसलोच आहे. वहीत खोटं लिहिलं ते मी लिहिलं, त्याचं माझं मी बघून घेईन, असं म्हणत आलो. पण ते मुकादमाच्या नावावर गेलंय, हे आत्ता ऐकलं. तो माणूस आता नाही. हयगय केली म्हटल्यावर त्याच्या बाजूनं उठून बोलायला कुणी यायचं नाही.

आई : मी एक बोलू? दोघांनीही रागावू नका.

मुलगी : बोल.

आई : परवाचं होऊन जाऊ दे. हे आपल्या तिघांत आहे. मुकादमाचं मलाही वाईट वाटतं, त्याच्या बायकोला मी ओळखत होते. पण पान एकशे बारा कोण उघडून बघणार आहे? एकदा तुझ्या नावामागे डॉक्टर लागलं की मग सावकाश दुसरं काहीतरी लिही आणि त्यात दुरुस्ती कर.

मुलगी : मलाही हेच सुचलं. तू बोलायच्या आधी, आत्ताच.

बाबा : सुचणारच. मलाही तसंच सुचत गेलं. आधी कायम होऊ, मग नीट लिहू. पुढे नीट लिहिलं. मागचं तसंच राहिलं.

मुलगी : थांबा. पण मग रविवारचं काय?

बाबा : काय रविवारचं?

मुलगी : त्या चार वर्षांत रविवारचे आकडे सुटे आहेत. एक्केचाळीस, सत्तेचाळीस, त्रेपन्न. फक्त रविवारचे. बाकी सगळा आठवडा पाचाच्या पटीत. त्याच्यावर दीड पान लिहिलंय मी. नदीच्या वरच्या अंगाला कारखाना होता, तो रविवारी बंद, त्याचे पंप बंद, म्हणून त्या दिवशी पातळी हलते.

आई : तो कारखाना गुरुवारी बंद असायचा.

मुलगी : काय?

आई : तुझा मामा तिथेच होता नोकरीला. दर गुरुवारी जेवायला यायचा आणि तुझी गणितं सोडवून द्यायचा. विसरलीस?

मुलगी : हे मला कुणी सांगितलं का नाही?

आई : तू घरात विचारणार नव्हतीस ना. कागदच बोलणार होते.

मुलगी : बरं. माझंच चुकलं, कबूल. पण मग बाबा, रविवारी तुम्हाला बारीक रेघा कशा दिसायच्या?

बाबा : रविवारी तुला शाळा नसायची.

मुलगी : मी?

बाबा : माझ्याबरोबर यायचीस. मी म्हणायचो, बघू तुला वाचता येतं का. तू पायरीवर उकिडवी बसायचीस आणि आकडा सांगायचीस. मी म्हणायचो, नक्की? मग परत बघायचीस. दोनदा एकच आला की लिहायचो.

मुलगी : मला वाटायचं, तो खेळ आहे. मी तर आजवर सगळ्यांना सांगत आलेय की मला आकडे नदीवर शिकवले माझ्या वडिलांनी.

बाबा : तुझा खेळच होता. माझी मात्र आठवड्यातली तेवढीच एक खरी नोंद असायची. रविवारी घरी येऊन मला झोप लागायची.

मुलगी : दीड पान. मीच वाचलेल्या आकड्यांवर मी दीड पान लिहिलं आणि त्याला कारखान्याचं नाव दिलं.

आई : हसतेयस की रडतेयस?

मुलगी : माहीत नाही. माझी वही कुठेय? ती निळी.

आई : तुझ्या कोपराखाली.

मुलगी : चार वर्षं म्हणजे दोनशे आठ रविवार. सुट्टीत मी मावशीकडे असायचे, ते वजा करा. पावणेदोनशे धरा. नुसते तेवढे आकडे घेतले आणि आधीच्या वर्षांच्या रविवारांशी ताडून पाहिले, तर...

बाबा : तर?

मुलगी : तर काहीच बदललेलं नसणार. नदी आधी जेवढी हलत होती तेवढीच नंतरही हलत होती. बंधाऱ्यानं तिला काही केलं नाही.

बाबा : नाहीच केलं. मला विचारलं असतंस तर मी...

मुलगी : बाबा, आता ते नको.

बाबा : बरं.

मुलगी : बाईंना फोन करते.

आई : दहा मिनिटं थांब. पाणी पी. एकदा सांगितलंस की परत घेता येणार नाही.

मुलगी : माहीत आहे. बाबा, तुम्हाला विचारते. मी फोन केला तर तुमचं नाव येणार. खात्यात नव्या लोकांना तुमच्या वह्या दाखवतात, नोंद कशी ठेवावी म्हणून. तुमचा फोटो लावलाय त्या खोलीत. निवृत्त झालात तरी तुम्हाला मान आहे तिथे.

बाबा : आहे.

मुलगी : तो जाईल.

बाबा : थोडा जाईल. मला आवडणार नाही ते, खोटं कशाला बोलू? गेल्या महिन्यातच तिथला साहेब मला रस्त्यात भेटला आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, हे आमचे पट्टीवाले काका. मी घरी येईपर्यंत खूश होतो. पण तू फोन लाव. मी नको म्हणायच्या आत लाव.

(मुलगी गाईड बाईंना फोन लावते. ऐकू येतं ते फक्त तिचं बोलणं.)

मुलगी : बाई, मी बोलतेय. नाही, तब्येत ठीक आहे. चौथं प्रकरण चुकलंय. नाही बाई, धास्तीनं बोलत नाहीये, खरंच चुकलंय. ते टप्पे नदीचे नाहीत, निरीक्षकाचे आहेत. त्यांना त्या चार वर्षांत बारीक रेघा दिसत नव्हत्या. त्यांनीच सांगितलं. हो, ते हयात आहेत. समोर बसलेत. बाई, निरीक्षक म्हणजे माझे वडील. हो. सहा वर्षं नाही सांगितलं तुम्हालासुद्धा. चुकलं माझं. रविवारचे आकडे बरोबर आहेत, ते दुसऱ्या व्यक्तीनं वाचलेत. ती व्यक्ती मी. तेव्हा प्राथमिक शाळेत होते. बाई? ऐकताय ना? हो. हो. लिहून घेते. उद्या दुपारपर्यंत करते. ठेवते.

आई : काय म्हणाल्या? ओरडल्या?

मुलगी : नाही. आधी विचारलं, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि मग म्हणाल्या की कुणी विचारायच्या आधी, उभी राहिल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हे स्वतःहून सांगायचं. रविवारांचा एक आलेख करून न्यायचा. मुकादमाबद्दलचं वाक्य चुकीचं आहे, असं तोंडानं म्हणायचं आणि लेखीही द्यायचं.

आई : आणि मग डॉक्टर होशील?

मुलगी : परवा बहुतेक नाही. प्रकरण परत लिहायला सांगतील. सहा महिने, कदाचित वर्ष. बाहेरचे परीक्षक कडक आहेत. सगळाच प्रबंध परत पाठवला तरी आपल्याला काही म्हणता येणार नाही, असं बाई म्हणाल्या.

आई : मी वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसलेय. परवा दुपारनंतर या म्हणून.

मुलगी : येऊ देत. जेवायला घालू.

आई : जेवायला घालीन गं. मला वाईट वाटतंय, एवढंच. तू सहा वर्षं मान वर केली नव्हतीस.

मुलगी : मलाही वाटतंय. आणि बाबा, बाईंना निरीक्षकाचं सहीनिशी निवेदन हवंय.

बाबा : कागद आण. रेघांचा नको, कोरा दे.

मुलगी : मी सांगू का मजकूर?

बाबा : नोंद लिहायला मला कुणी शिकवायला नको. ऐक. "मी खाली सही करणार, नदीपातळी नोंदणारा, निवृत्त, असे लिहून देतो की बंधारा झाला त्या वर्षापासून चार वर्षे, मुलगी बरोबर असलेले रविवार वगळून, मी पातळीचे आकडे अचूक वाचलेले नाहीत. कारण, दृष्टिदोष." हे बरोबर नाही.

मुलगी : ठीक आहे की.

बाबा : नाही. दृष्टिदोष हजारोंना असतो, त्यात माझा काय गुन्हा? "कारण, मला दृष्टिदोष होता व तो मी लपवला होता." असं पाहिजे. "बंधाऱ्यावरील मुकादम दर वर्षी गाळ काढत असत. मी ते स्वतः पाहिले आहे." आता सही.

आई : माझं नको का त्यात? तक्ता मी आणला होता.

बाबा : तुझं नाव कशाला? तू कुठे वही लिहीत होतीस?

आई : बघा हं. नंतर म्हणाल, हिनं मला एकट्याला अडकवलं.

मुलगी : आई, तू राहू दे. बाबा, परत विचारा मला. पहिल्यापासून.

बाबा : आता? तू दमलीयस.

मुलगी : आताच. आणि सोपं विचारू नका. ते विचारतील तसं विचारा.

बाबा : बरं. आपल्या प्रबंधातले निरीक्षक कोण होते?

मुलगी : माझे वडील.

बाबा : हे आपण प्रबंधात कुठे म्हटलेलं नाही.

मुलगी : नाही सर. म्हणायला हवं होतं. ते लपवल्यामुळे मी त्यांना काही विचारू शकले नाही, आणि त्यामुळे चौथं प्रकरण चुकलं.

बाबा : त्यांनी चार वर्षं चुकीचे आकडे लिहिले, असं आपण स्वतःच म्हणता.

मुलगी : हो सर.

बाबा : नोकरी टिकवायला लिहिले.

मुलगी : हो सर. त्यांचं निवेदन जोडलंय.

बाबा : मग त्यांची उरलेली सत्तावीस वर्षं आम्ही खरी का मानावीत?

मुलगी : हे असं विचारतील?

बाबा : मी असतो तर पहिलं हेच विचारलं असतं. बोला बाई. का मानावीत?

मुलगी : कारण खोटी वर्षं कुठली, ते मला सहा वर्षांत सापडलं नव्हतं. तुम्हाला कुणालाही सापडलं नव्हतं. ते त्यांनी सांगितलं. सांगितलं नसतं तर आज मी इथे उभी राहून डॉक्टर झाले असते, आणि ते त्यांना माहीत होतं.

बाबा : हं.

मुलगी : बरोबर आहे?

बाबा : एवढंच सांग. याहून जास्त माझ्यासाठी भांडायला जाऊ नकोस.